ओलीनं न गेलेली काळी

“चित्र राहू द्या अण्णा, फकस्त ते मांजर दिसलं न्हाई पाहिजे,” माझ्या फ्रेमच्या दुकानात काउंटरवर जुना प्रिंट पसरत प्रकाश म्हणाला. मंठाळला त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती. काळ्या मांजराला पाहुणे नावं ठेवतील, ही त्याची धास्ती.

प्रिंट त्याच्या आईचा, सुभद्राक्कांचा. अक्का शाळेत शिक्षिका होत्या. खिडकीपाशी शिवत बसलेली बाई आणि उजव्या कडेला काळं मांजर, असं ते माहेरून आणलेलं चित्र.

उपाय सोपा होता. माउंट म्हणजे चित्रावर बसवायची जाड कागदाची चौकट. ती एका बाजूनं रुंद ठेवली की कड झाकली जाते, चित्राला धक्का लागत नाही. पण त्यासाठी मोठी फ्रेम लागते. माझ्याकडे तयार होती ती लहान, आणि नवी करायचा मला कंटाळा आला. मी पट्टी ठेवली आणि कटर फिरवला.

वास्तुशांतीच्या सकाळी अक्का चित्रासमोर थांबल्या.

“अण्णा, माझी काळी कुठाय?”

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, “कडेला ओल लागली होती अक्का. कागद कुजला होता, काढावा लागला.”

“माझंच चुकलं. चित्र ठेवलेली लाकडी पेटी ओल्या भिंतीला लावून ठेवली मी.”

त्यानंतर बसवकल्याणला आल्या की त्या माझ्या दुकानात डोकवायच्या आणि बसलेल्या गिऱ्हाइकांना बजावायच्या, “चित्रं ओलीत ठेवू नका. माझ्या हयगयीनं माझं गेलं.” मी मान खाली घालून काच पुसत राहायचो. अशी बरीच वर्षं गेली.

गेल्या वर्षी त्यांची नात नंदिनी आली. तिनं मोबाइल पुढं केला. कुशनवर, घड्याळावर, जुन्या पोस्टरांवर, सगळीकडे काळी मांजरं.

“अण्णा, आता लोक हौसेनं लावायलेत. असा एक प्रिंट मिळेल का? आज्जी अजून हळहळती.”

कापलेला तुकडा माझ्याकडेच होता, दोन पुठ्ठ्यांमध्ये. दुसऱ्याच्या चित्राचं कातरण आम्ही टाकत नाही. तो घेऊन मी मंठाळची बस धरली.

अक्कांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

“कोरडा ठणठणीत हाय की.”

“व्हय. ओल लागलीच नव्हती. मी कापला.”

“कामून?”

“फ्रेम लहान होती.”

“प्रकाशनं सांगितलं व्हतं?”

“त्यानं झाकायला सांगितलं होतं. कापलं मी.”

त्यांनी तुकडा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, “मी उगंच त्या पेटीला बोल लावला. मोडून चुलीत घातली तिला.” त्यांनी पाट पुढं सरकवला. “बसा. चहा घ्या. आन् हे जोडून द्या. पण रंग लावून सांधा लपवू नका.”

मागून पातळ कागद आणि खळ लावून मी दोन्ही भाग जोडले. या वेळी फ्रेम चित्राच्या मापानं केली. बाईच्या पदराशेजारून केसाएवढी एक रेघ खाली उतरते.

परवा गेलो तेव्हा अक्का पाहुण्यांना ती रेघ दाखवत होत्या. “ओलीनं न्हाई बरं. ह्या अण्णांनीच कापलंय. घ्या अण्णा, आणखी थोडा चिवडा घ्या.”

मी घेतला.