अक्काचं कोमट पाणी

हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या कुंपणामागे घरगाड्यांचं आवार होतं. घरगाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड: आत पलंग, शेगडी, टीचभर न्हाणी, आणि बाहेरच्या अंगाला एका पत्र्याच्या झाकणामागे पाणी तापवायची टाकी. हौशी मंडळी उन्हाळाभर हिंडून घेत, थंडी पडू लागली की गाडी इथे आणून लावत आणि आपापल्या पक्क्या घरात उबेला जाऊन बसत. मागे राहिलेल्या टाक्यांचं दुखणंखुपणं बघायला एक माणूस होता. त्याला सगळे बंबवाले म्हणत. साठी उलटलेला, अंगाने किडकिडीत, आणि आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा चेहरा.

काम काय थोडं होतं! टाकी निवू द्यायची, दाब सोडायचा, मगच बूच काढायचं. घाई करणाऱ्याचा हात भाजलाच म्हणून समजा. तळाचा गाळ धुवायचा. आतली कांडी बदलायची. ही कांडी टाकीच्या वाटणीचा गंज स्वतःवर घेते आणि शेवटी तिची नुसती तार उरते. बर्नरच्या नळीत कोळ्यांनी जाळी केलेली असत. गॅसच्या वासात त्यांना काय गोडी वाटते कोण जाणे, पण हे फुकटे भाडेकरू दरवर्षी हुसकावे लागत. आणि थंडीआधी टाकी रिकामी करून बायपासचा कॉक फिरवायचा, म्हणजे पाणी टाकीत न शिरता परस्पर नळाला जातं आणि गारठ्याने टाकी फुटत नाही. पुढच्या हंगामात लोक तो कॉक सरळ करायला विसरत आणि "पाणी तापत नाही हो" म्हणून फोनवर गळा काढत. "आधी कॉक बघा," एवढंच बोलून बंबवाला फोन ठेवून देई.

अलीकडे त्याचे गुडघे, पाठ, मनगटं, एकेक जण रजा मागू लागला होता. रजा द्यायची कुणी? लग्न करायचं राहून गेलेलं. घर म्हणजे आवाराच्या कचेरीमागची खोली. आणि दिवसभर लोकांचे बंब बघून झाले की संध्याकाळी आवाराच्या टोकाला अक्काचा बंब वाट बघत असे.

अक्का त्याची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती मोठ्या घरात एकटी पडली, तेव्हा याने एक न चालणारी जुनी घरगाडी घासूनपुसून, रंग लावून तिच्यासाठी सजवली. तो उत्साह त्याचा त्यालाच आता खरा वाटत नसे. अक्काची लेक दूरच्या शहरात होती. आईसाठी खोली तयार ठेवून ती सारखी बोलावत होती, आणि अक्का दर वेळी म्हणे, "मी इथं बरी आहे." म्हणजे हिला इथून हलायचं नाही, असं बंबवाला समजून चालला होता. कधी कधी, पाठ फार दुखली की, अक्का गेली तर बरं, असंही त्याच्या मनात येई. मग त्याला स्वतःची लाज वाटे आणि तो मुकाट्याने पान्हा उचलून तिच्याकडे जाई.

या थंडीत तिच्या नळाला कोमटच पाणी येऊ लागलं. अक्काचे सांधे धरलेले, तिला कढत पाण्याशिवाय सकाळी उठवत नसे. लेकीला हे कळलं आणि तिने फोनवर मामाला निक्षून सांगितलं, "मी रविवारी येते. तोवर पाणी नीट झालं तर ठीक, नाहीतर आईला घेऊन जाणार."

झालं, बंबवाला हात धुऊन त्या टाकीच्या मागे लागला. गाळ काढला, कांडी बदलली, बर्नर झाडला, थर्मोस्टॅट नवा घातला. टाकीला हात लावावा तर चटका बसे, आणि नळाला पाणी कोमट ते कोमटच.

"राहू दे रे बाळ्या," अक्का दारातून म्हणे. "दमलास. चहा घे."

"चहा नको. पाणी कसं येतंय ते सांग."

"कोमट."

शनिवारी संध्याकाळी तो तिच्या दाराशी पायरीवर बसला आणि त्याला अगदी रडकुंडीला आल्यासारखं झालं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. कॉक! जगाला जे आधी बघायला सांगायचं, ते त्याने इथे बघितलंच नव्हतं. बघणार कशाला? हा कॉक त्याने स्वतःच्या हाताने सरळ केलेला, आणि त्याच्याशिवाय त्याला हात लावणारं कोण? काखेत कळसा म्हणतात तो हाच.

कॉक अक्काच्या पलंगाखाली, फळीच्या मागे होता. तो कण्हत जमिनीवर आडवा झाला, बॅटरी लावली. फळीच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते, कुणीतरी जेवणाच्या सुरीने फिरवल्यासारखे. फळी काढली. कॉक अर्धा वळलेला. गार पाणी आडवाटेने येऊन गरम पाण्यात मिसळत होतं.

पलंगावर अक्का बसली होती. तिची सुजलेली पावलं त्याच्या तोंडाशी होती.

"अक्का, हा कॉक कुणी फिरवला?"

अक्काने पावलं मागे ओढून घेतली. मग ती म्हणाली, "मीच."

"हे गुडघे घेऊन तू खाली वाकलीस?"

"उठताना पुरेवाट झाली माझी."

"पण कशासाठी?"

"पाणी गरम आलं असतं, तर लेकीला मी काय सांगून घेऊन जा म्हटलं असतं?"

बंबवाल्याला कळेना. "तुला जायचंय? मग सरळ सांगायचं होतंस!"

"कुठल्या तोंडानं सांगू? तू एवढ्या हौसेनं हे सगळं केलंस. आणि मी गेल्यावर संध्याकाळी तू कुणाच्या दारात येणार? तुझं आहे कोण दुसरं? म्हणून राहिले इतके दिवस. आता नाही रे झेपत. ही थंडी नाही सोसत मला."

त्याला आधी संतापच आला. त्याने अक्कासाठी पाठ मोडून घेतली, अक्काने त्याच्यासाठी सांधे गोठवून घेतले, आणि दोघंही तोंडाला कुलूप लावून बसले! पण संताप फार टिकला नाही. तेवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. आणि आता ती खरंच जाणार होती. त्याला ती हवी होती. दमलेला असला तरी, रोज कुरकुरत आला तरी, हवी होती. हात कॉकवरच होता. जरासं मनगट वळवलं की पाणी कढत, आणि लेकीला न्यायला निमित्त उरणार नव्हतं.

त्याने हात काढून घेतला आणि फळी लावून टाकली.

रविवारी भाची आली. नळाखाली हात धरून तिने मामाकडे बघितलं.

"मामा, हे काय?"

"नाही होत," बंबवाला म्हणाला. "टाकी गेली कामातून."

"तुला नाही होत? तुला?"

"वय झालं माझं. घेऊन जा तिला."

भाची सामान बांधायला लागली. सामान असं होतंच किती? अक्काला गाडीत बसवताना त्याने तिचे पाय उचलून आत ठेवले, अंगावर शाल सारखी केली. ती त्याच्याकडे बघेना. भाचीने गाडी सुरू केली तशी अक्काने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब जरा. टाकी चांगली आहे. तुझ्या मामाच्या हातून अजून एक टाकी वाया गेलेली नाही. मीच बिघडवली होती. मला यायचं होतं तुझ्याकडे."

भाची एकदा आईकडे, एकदा मामाकडे बघत राहिली. बंबवाल्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलायचे थांबेनात.

"बाळ्या," अक्का म्हणाली, "इकडे बघ. तुला सोडून जाताना मला फार वाईट वाटतंय."

"मलाही," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला.