आत्याच्या पेटीतली काच

अंबुआत्या गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, ते तमिळमध्ये. कुंभकोणमच्या आमच्या घरात तमिळ उंबऱ्याबाहेर, आत तंजावरी मराठी. पण त्या दुपारी आईला ते घरच्या भाषेत बोलवेना. त्याला पाच आठवडे झाले. पुण्यातल्या या खोलीत मला ते अजून खरं वाटत नाही...

आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासायची. यंत्रातून आकडे आपोआप छापून यायला लागले, तरी काचेवर पसरलेला थेंब सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावाचून ती सही करत नसे. एकदा पाही, मग गच्चीत जाऊन महामहम तळ्याच्या पाण्याकडे बघत उभी राही, आणि येऊन तीच काच पुन्हा पाही. "डोळा शिळा होतो रे," म्हणायची. आम्ही तिची यथेच्छ थट्टा करत असू.

मग मीच चेन्नईहून तापानं फणफणून घरी आलो. प्लेटलेट फार उतरलेल्या. डेंग्यूचे दिवस, डॉक्टरांनाही तोच संशय. आईनं तर पपईच्या पानांचा रस पाजायला सुरुवातही केली. रिपोर्टवर फक्त आत्याची सही राहिली होती, आणि ही बाई गच्चीत तळं बघत उभी! बाकावर कुडकुडत मी तिच्यावर जाम चिडलो होतो.

ती आली तीच बोलत. "कमी आहेत, तें अवघ्यांनी वाचलं. आहेत त्या इतक्या मोठ्या कां, तें कोणी पुसलं?"

"म्हणजे?"

"जुन्या सरल्या, म्हणून अंग घाईनं कोवळ्या धाडतंय. डेंग्यूंतही होतं तें. पण तूं चेन्नईंत राहतोस कण्णा, तिथं मलेरियाही फार. मज तो शोधूं दे."

बराच वेळ ती काच इंच इंच सरकवत राहिली. मग माझं मनगट धरून तिनं मला भिंगाशी बसवलं. फिकट गुलाबी पसारा, मधूनच जांभळे ठिपके, आणि एका गोल पेशीत नाजूकशी अंगठी, तोच मलेरियाचा जंतू. तापात मला ते पहाटेचं तळंच वाटलं... औषध बदललं. तिसऱ्या दिवशी मी रसमभात मागून खाल्ला. आत्याला मात्र काहीच म्हणालो नाही. घरच्या माणसाला काय म्हणायचं, असं तेव्हा वाटलं. आज त्याची लाज वाटते.

तेराव्यानंतर आईनं तिची काचांची पेटी माझ्या हाती दिली. प्रत्येक काचेवर पेशंटचा नंबर. एकीवर नंबर नाही, पेन्सिलीनं एकच शब्द आहे: 'आमचा'.

काल ती काच खिडकीशी धरून पाहिली. मग गॅलरीत गेलो. इथं तळं नाही, तरी दूर कुठंतरी बघत उभा राहिलो, आणि आत येऊन तीच काच पुन्हा पाहिली.