रेडिएटरचं झाकण

पक्षाघाताच्या झटक्याने काकांची वाचा गेली आणि त्यांची लाडकी जुनी मोटार शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या गळ्यात पडली. रेडिएटरमधलं गढूळ पाणी बदलणं, रबरी नळ्या चाचपणं, सगळं त्या हळूहळू शिकल्या. काका ओट्यावरच्या खुर्चीतून नुसते बघत.

एकदा बाजारातून येताना इंजिन तापलं. काकूंनी गाडी कशीबशी दारात आणली आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“अगं, भाजशील!”

काकू गर्रकन वळल्या. काका खुर्चीतून अर्धवट उठले होते.

“अहो, बोललात तुम्ही!”

“गार... होऊ दे आधी,” काका चिडून म्हणाले.

काकू त्यांच्या पायाशी मटकन बसल्या. इंजिन निवेपर्यंत काकांनी अडखळत यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि काकूंनी एकदाही त्यांना अडवलं नाही.