सांधेबाईची अनामत

सांधेबाईकडे फुटका टब न्यायचा म्हणजे आधी मनाची तयारी करून जावं लागे. टब सांधून मिळे, त्याबद्दल शंकाच नाही. पण त्याआधी तो फुटलाच कसा याचा जाब द्यावा लागे. ‘आपोआप फुटला’ असं म्हणणाऱ्याची तर धडगत नव्हती. “आपोआप? म्हणजे उठून नाचला का टब?” असं विचारून ती डोळे वटारून उत्तराची वाट बघत उभी राही. शेवटी गिऱ्हाईक खाली मान घालून कबूल करी, की टब पालथा घालून त्यावर उभं राहून पंखा पुसला होता. मग सळई शेगडीतून बाहेर निघे.

दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक खोली, आणि त्यामागे राहायच्या दोन. दुकानात कोळशाची शेगडी, तिच्यात चपट्या टोकाच्या सळया, आणि भिंतीला टेकून फुटक्या बादल्या, पिंपं, टब. ज्या जातीचं प्लॅस्टिक, त्याच जातीची पट्टी कापायची, तापल्या सळईने ती भेगेत वितळवायची, वरून दाबून सपाट करायची. मग टब काठोकाठ भरून अर्धा दिवस तसाच ठेवायचा. एक थेंब बाहेर आला तर सांधा पुन्हा. पण थेंब येत नसे. “माझा सांधा गळत नाही,” ती म्हणे, आणि ते खरं होतं, म्हणून तिच्यापुढे कोणाचं चालत नसे.

आणि हिचा राग काही गिऱ्हाइकापुरता नव्हता. ती कोळशावर चिडे, डासांवर चिडे, वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यावर चिडे. तिचा नवरा गोदामावर पहारेकरी. तो घरी आला की आधी दारात उभा राहून आवाजाचा अंदाज घेई आणि मगच चपला काढी. पण तिचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत जपून ठेवलेला राग होता तो एका माणसावर. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं आणि तो तिला पुन्हा दिसलाही नव्हता.

काही वर्षांपूर्वी तो माणूस काचेची एक पेटी घेऊन आला होता. कपडे इस्त्रीचे, बोलणं मऊ. पेटीचा एक कोपरा तडकलेला आणि आत एक जमिनीवरचं कासव. सांधेबाई म्हणाली, काच सांधत नाही. तो म्हणाला, मग पुढे काचवाल्याकडे नेतो, तेवढं हे कासव ठेवा, संध्याकाळी येऊन घेऊन जातो. पेटी गेली, कासव राहिलं. ती संध्याकाळ काही आली नाही. आठवडाभराने नवरा म्हणाला, “ही तर अनामत झाली,” आणि कासवाचं नाव अनामतच पडलं.

अनामतचं नाक सोललेलं होतं. कासवं पाळणारे सांगत, काच कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतं, म्हणून ते दिवसभर तिकडे जायला धडपडतं, काचेवर नाक घासत राहतं. हे ऐकून सांधेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे पैसे मोजून काचेची पेटी आणायची ती कशाला, तर येणाऱ्याजाणाऱ्याला बघता यावं म्हणून! तिने त्याच दिवशी एक जाडजूड, आरपार न दिसणारा, लांबट टब ओढून काढला. तळाला भेग होती, पाण्याच्या कामाचा राहिला नव्हता. “तुझ्या कामाचा आहे,” ती कासवाला म्हणाली. माती ओली झाली तर भेगेतून पाणी निघून जाईल.

नंतर दुसरा टब आला. दोन्हींच्या भिंतींना दार कापून ते एकमेकांना जोडले. दाराची कड सळईने गुळगुळीत केली, पायाला कापायला नको म्हणून. एका टबात माती आणि वाळका पाला, दुसऱ्यात उताणं पडलं तर पाय टेकून पालथं होता येईल असे चपटे दगड, लपायला अर्धी फुटकी कुंडी, पाण्याची उथळ बशी. वरून झाकण नाही, मांजरासाठी जाळी. सकाळचं ऊन एका टबावर पडेल आणि दुसऱ्यावर सावली राहील, अशी जागा. अनामतच्या नाकाची जखम भरून आली.

“येऊ दे त्याला,” सांधेबाई पाला बदलताना म्हणे. “त्याच्या समोर धरीन. म्हणेन, बघ, तू टाकलंस, मी वाढवलं. आणि मग असं बोलेन, असं बोलेन...” काय बोलेन ते रोज थोडं वाढत असे. निव्वळ सूड म्हणून इतक्या मायेने सांभाळलेलं दुसरं जनावर त्या शहरात नसेल.

टबाची गोष्ट कर्णोपकर्णी झाली. कासवं पाळणारी माणसं स्वस्तातलं घर म्हणून तसे जोडटब मागायला येऊ लागली. सांधेबाई बनवून देई, पण आधी उलटतपासणी. उन्हात कुठे ठेवणार? सावली कुठून येणार? “पूर्ण उन्हात ठेवलंत तर टब नाही, भट्टी आहे ती! झाकण लावलंत तर माझ्याशी गाठ आहे!” लोक टब घेऊन जाताना असे दिसत, जणू काही चोरी करताना सापडले आहेत.

या सगळ्यात घरात एक माणूस आणखी होतं. वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेले तेव्हा चार दिवस म्हणून आल्या आणि राहिल्या. वन्सं ठेंगण्या, हळू चालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या, आणि सांधेबाईला नेमका त्याचाच राग येई. त्या पाणी मागायच्या तेसुद्धा माफी मागितल्यासारखं. प्रत्येक वाक्य “मी काय म्हणते...” असं सुरू करायच्या आणि पुढचं सांधेबाईच पुरं करायची. “मी काय म्हणते...” “पंखा बंद करू? करा ना, त्यात विचारायचं काय!” “मी काय म्हणते...” “भाजीत मीठ कमी आहे, माहीत आहे मला!” वन्सं मग मान डोलवायच्या, बरोबर असलं तरी आणि चूक असलं तरी.

कासवाला हात लावायची वन्संना भीती वाटे. पण रोज दुपारी त्या टबाशेजारी बसून राहात. त्यांच्या लहानपणी गावच्या घरामागे तळं होतं आणि त्यात कासवं होती. पाण्यात सुळसुळत जाणारी. हे बिचारं कोरड्या मातीत खुरडतंय, हे बघून त्यांचा जीव तुटायचा. एकदा त्या म्हणाल्याही, “मी काय म्हणते, याला पाणी...”

“बशीत आहे पाणी!” सांधेबाई दुकानातून ओरडली आणि विषय संपला.

तो दिवस भयंकर उकाड्याचा होता. लॉन्ड्रीवाल्याचा कपडे भिजवायचा टब सकाळी सांधून झाला होता, कमरेइतका उंच, खालच्या बाजूला लांब भेग गेलेला. सांधेबाईने तो नळीने काठोकाठ भरला, आणि पट्ट्यांसाठी जुनं प्लॅस्टिक आणायला भंगारवाल्याकडे गेली. शेगडीत सळया तशाच होत्या.

भंगारवाल्याशी नेहमीप्रमाणे भांडून ती परतली, तर दारातच पायाखाली पाणी. सगळं दुकान ओलं. बादल्यांच्या मधून, शेगडीच्या पायांतून पाणी वाहात उंबऱ्याकडे निघालेलं. आणि वन्सं भिंतीला टेकून उभ्या, चेहरा पांढराफटक, एक हात पंच्यात गुंडाळलेला.

“गळला?” सांधेबाई किंचाळली. तिचा सांधा! तिने टबात वाकून पाहिलं.

तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. त्यात अनामत उभी होती. मान जितकी लांब जाईल तितकी वर काढून, तोंड उघडं टाकून.

सांधेबाईने पोट टबाच्या काठावर घातलं, दोन्ही हात खाली घातले आणि कासव वर ओढलं. त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं. तिने त्याचं डोकं खाली धरलं, पाय मागेपुढे केले, पाणी निथळू दिलं. अनामतने एकदा पाय झाडला, मग दुसरा. पाठीची ढाल तिच्या हातात थंडगार लागत होती. मग तिने मान वर केली.

“कोणी टाकलं हिला यात?”

“मी काय म्हणते...”

“तुम्ही! दुसरं आहे कोण घरात! जमिनीवरचं जनावर आहे हे, दगडासारखं तळाला जातं! पोहायला येतं का याला? तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?”

“पंच्यात धरून... मला वाटलं, उकडतंय, आणि तळ्यात...”

“वाटलं! तुमच्या वाटण्यापायी जीव गेला असता! माझा सांधा फुटला म्हणून वाचली ती! ऐकताय का? आयुष्यात पहिल्यांदा माझं काम वाया गेलं म्हणून वाचली! नाहीतर काय दाखवलं असतं मी त्या माणसाला? काय?”

वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्यांनी गुंडाळलेला हात आणखी मागे घेतला आणि मान डोलवली. मग त्या हळूहळू आतल्या खोलीत गेल्या. सांधेबाई मात्र थांबली नाही. बंद दाराकडे बघून बोलत राहिली, अनामतला कोरड्या फडक्यात गुंडाळताना बोलत राहिली, तिला पाल्यात ठेवून, तिची मान हलतेय हे चारदा बघून आली तरी बोलत राहिली. या घरात आपण मरमर मरायचं आणि बाकीच्यांनी दया दाखवायला दुसऱ्याचंच जनावर घ्यायचं! इतक्या वर्षांत साधी एक गोष्ट विचारता येत नाही!

तेवढ्यात लॉन्ड्रीवाला आला. ओल्या जमिनीकडे त्याने पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की जणू तो वर्षानुवर्षं याच दिवसाची वाट बघत होता.

“काय सांधेबाई,” तो म्हणाला, “आपोआप गळला का?”

ती गुडघ्यांवर बसली, टब फिरवला, आणि आपला सांधा कुठे सुटलाय ते बोटाने चाचपू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरलं. सांधा धड होता. कोरडा, सपाट, भक्कम. मग बोट खाली सरकलं आणि एका भोकात गेलं.

गोल भोक. कड वितळलेली, आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा ओठ वळलेला. बाहेरून कोणीतरी तापली सळई खुपसली होती. आणि एकाच ठिकाणी नव्हे. शेजारी दोन चटके होते, जिथे सळई निसटली होती. एक सळई खाली पडली होती. तिच्या लोखंडाला, लाकडी मुठीच्या पुढे, पंच्याचा करपलेला धागा चिकटला होता. घाईत ती मुठीऐवजी भलत्याच जागी पकडली गेली असावी.

सांधेबाई तशीच बसून राहिली. ठेंगणी बाई. कमरेइतका टब. हात तळापर्यंत पोचत नाही, भरलेला टब कलंडत नाही, आणि आत ते जनावर बुडतंय.

“सळई माझ्याच हातून लागली,” ती लॉन्ड्रीवाल्याला म्हणाली. “सांधा धड आहे, बघून घ्या. तो कोपऱ्यातला माझा टब घेऊन जा, याहून चांगला आहे. आणि हसू नका.”

मग ती आत गेली. वन्सं खाटेवर बसल्या होत्या. तिने त्यांचा हात धरला आणि पंचा सोडवला. तळहातावर आडवा, लाल, फुगलेला पट्टा उठला होता.

“हे सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?” सांधेबाई ओरडली. तिचा आवाज फाटला. “मी एवढी बोलले, तेव्हा सांगता येत नव्हतं?”

वन्संनी वर पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं जे होतं ते होतं.

“तू बोलू दिलंस कुठे?”

सांधेबाईने थंड पाण्याची बादली आणली आणि त्यांचा हात त्यात धरला. वन्संचा चेहरा दुखण्याने आक्रसला, तशी ती पाण्यावर चिडली, सळईवर चिडली, मलम कुठे ठेवलंय म्हणून कपाटावर चिडली. मग हात धरून बसल्या बसल्या तिने विचारलं, कुठलं तळं, आणि वन्संनी लहानपणीचं तळं सांगितलं, त्यातली कासवं सांगितली. या घरात एक बाई इतकी वर्षं राहते आहे आणि तिच्या तळ्याबद्दल आपल्याला आज कळलं, याचा तिला राग आला, आणि तो राग कोणावर काढायचा हे मात्र तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी नवरा घरी आला तर दुकानात करवतीचा आवाज. सांधेबाई तो भोकाचा टब आडवा कापत होती. कापला, कड सळईने गुळगुळीत केली, आणि आत ओरडली, “वन्सं! इकडे या!”

वन्सं घाबरत आल्या.

“हात घाला यात. तो नव्हे, चांगला हात. पोचतो का तळाला?”

वन्संनी हात घातला. पोचला नाही. सांधेबाईने चार बोटं आणखी कापलं. पुन्हा हात घालायला लावला. आता बोटं तळाला टेकली. तिने त्यात माती भरली, पाला पसरला, आणि अनामतला उचलून आत ठेवलं. अनामत पाल्यातून चालत आली आणि वन्संच्या बोटांशी येऊन थांबली. वन्संनी हात मागे घेतला नाही.

“मी काय म्हणते...” वन्सं म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या.

सांधेबाईने तोंड उघडलं. मग मिटलं. दुकानात कोळसा तडतडत होता. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या, ती वन्संकडे. पुढचं वाक्य आजवर कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे ते शोधायला वन्संना वेळ लागत होता.

“म्हणा ना!” सांधेबाई ओरडली.

“तो माणूस आला ना, हिला न्यायला,” वन्सं म्हणाल्या, “तर त्याच्याशी मी बोलेन.”