मंजुषानं टिपलेला शुक्र

मखमलाबादच्या पुंजाराम मौल्यांच्या घरात माणसं झेंडूच्या तोडणीला उठायची आणि फुलबाजार आटोपला की जेवायची. त्याच घरातली थोरली लेक मंजुषा मात्र वेगळ्याच कामात पडली. आयटीआय करून ती सातपूरच्या एका कारखान्यात लागली, तीही थेट गेज रूममध्ये. मशिनवर तयार झालेला भाग ज्या मापांनी तपासायचा, त्या मापांचीच तपासणी करायची ही खोली. आत बाराही महिने एसी, हातात सुती मोजे, आणि केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा फरक पकडायचा. लग्न झालं, वर्षाच्या आत मोडलं, ती माहेरी परतली. गावानं चार दिवस कुजबुज केली. पण नोकरी शाबूत होती, म्हणून मान खाली घालायची वेळ आली नाही.

१९९४ च्या जुलैत पेपरात बातमी आली की एका धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळणार आहेत. आठवडाभर ती मळ्याच्या बांधावर उभी राहिली आणि आठवडाभर ढग हटले नाहीत. ती चुटपुट मनात राहिली. मग तिनं पुस्तकं आणली, भिंगं मागवली, सातपुरातल्या एका वर्कशॉपमधून नळी आणि स्टँड बनवून घेतला. तीन इंची दुर्बीण उभी राहिली. शेजारीण म्हणाली, "पोरगी आता आभाळात नवरा शोधती." मंजुषानं ऐकून सोडून दिलं.

दहा वर्षांनी, ८ जून २००४ ला, शुक्र सूर्याच्या तोंडावरून जाणार होता. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेला नेमका कधी टेकला, ही वेळ ठिकठिकाणच्या लोकांनी टिपायची. त्या वेळांच्या फरकावरून सूर्य किती लांब आहे ते काढता येतं. जुनी रीत, पण युरोपातल्या शास्त्रज्ञांनी यंदा हौशी लोकांकडूनही वेळा मागवल्या होत्या. मंजुषानं सायबर कॅफेत बसून नाव नोंदवलं. अख्ख्या सूर्यमालेचं माप घ्यायचं होतं, आणि माप घेणं हे तर तिचं रोजचं काम.

त्या आठवड्यात तिची दुसरी पाळी होती, दुपारी साडेतीनची. ती सुपरवायझरकडे रजा मागायला गेली.

"मंगळवारी नाही जमणार, मॅडम. कस्टमरचा माणूस गेज तपासायला येतोय."

"साहेब, सगळे गेज मी सोमवारीच तयार करून ठेवते."

"अहो, शुक्र काय पळून चाललाय का? पुढच्या वेळी बघा."

"पुढची वेळ आठ वर्षांनी. त्यानंतर थेट एकशे पाच वर्षांनी."

साहेब हसले आणि अर्ज तसाच परत दिला.

मंगळवारी सकाळी मंजुषानं मळ्यातल्या पंपाच्या खोलीवर दुर्बीण चढवली. सूर्याकडे डोळा लावायचा नाही, म्हणून खोक्यात पांढरा कागद लावून त्यावर सूर्याची प्रतिमा पाडली. धाकटा भाऊ समाधान फुलांचा टेम्पो लावून आला. रेडिओच्या टोल्यांवर घड्याळ लावून तो वही घेऊन बसला.

शुक्र आत शिरला तो अकराच्या जरा पुढे, आणि नेमका त्याच वेळी ढग आला. चार मिनिटांनी ढग सरकला तेव्हा मुगाच्या दाण्याएवढा काळा गोल कागदावर आरामात आत जाऊन बसला होता. पहिली संधी हातची गेली.

आता उरली बाहेर पडायची वेळ, साडेचारच्या सुमाराची.

तीन वाजले. कंपनीची बस फाट्यावर येऊन उभी राहणार होती. आई नवसाबाई खाली येऊन ओरडली, "मंजू, उतर खाली! एक घर मोडलं, आता नोकरीबी मोडायची हाय का? पुन्हा कोण देणार हाय तुला?"

आई खोटं बोलत नव्हती. लांबून बसचा हॉर्न आला. दुसरा हॉर्न वाजला. तिनं दुर्बिणीची नळी जरा पश्चिमेला सरकवली.

"नाय जात मी, आई."

बस गेली. नवसाबाई कपाळावर हात मारून घराकडे वळली.

चारनंतर गंगापूर धरणाच्या अंगानं ढगांची फळी उठली आणि सूर्याच्या दिशेनं चढू लागली. काळा गोल कडेकडे सरकत होता, ढगही सरकत होता. आधी कोण पोचतं एवढंच उरलं.

"ताई, पाच मिनिटंबी नाय राहिली ढगाला."

"तू घड्याळ बघ. आभाळ मी बघते."

गोल कडेजवळ आला. एकाएकी गोल आणि कड यांच्यामध्ये काळा धागा ताणल्यासारखा दिसला.

"आता!"

समाधाननं सेकंद लिहिला. तेवढ्यात तापलेली हवा हलली आणि धागा तुटला. मधे पुन्हा उजेडाची बारीक रेघ. ती चुकली होती का? घाम डोळ्यात उतरला, तिनं पुसला नाही. रेघ बारीक झाली, अजून बारीक झाली, मिटली.

"आता!"

दोन्हींमध्ये चौदा सेकंद. मिनिटभरात ढगानं सूर्य झाकून टाकला.

समाधाननं खिशातलं पेपरचं कात्रण काढलं. "ताई, गणितानं काढलेली वेळ दोन्हींच्या मधली हाय. तीच लिहू. कोणाला कळतंय?"

"मला ती दिसली नाही. मग लिहू कशी?"

तिनं दोन्ही वेळा पाठवल्या, आणि खाली शेरा टाकला: पहिली वेळ घाईची, दुसरीवर जास्त भरवसा.

बुधवारी गैरहजेरीचा खुलासा मागणारा मेमो हातात पडला. कस्टमरचा माणूस येऊन, तासभर थांबून गेला होता. साहेब दार लावून हळू आवाजात म्हणाले, "ताप होता असं लिहा. मी सही करतो, विषय मिटेल."

मंजुषानं लिहिलं: रजा नाकारलेली असताना मी शुक्राच्या निरीक्षणासाठी गैरहजर राहिले. साहेबांनी वाचलं आणि मान हलवली.

तिची बदली पॅकिंगला झाली. गेज रूमच्या काचेपलीकडे दुसरं कुणी तिचे गेज हाताळताना दिसायचं, तेव्हा तिचा जीव तुटायचा. घरी ती दोन महिने धड जेवली नाही. जगभरातून आलेल्या हजारो वेळांमध्ये तिचीही धरल्याची ईमेल आली. दुसरी घेतली होती, पहिली सोडून दिली होती. तिनं ती प्रिंट करून समाधानला दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे बरोबर केलंस."

पॅकिंगला भागीबाई नावाची वयस्कर बाई होती. खोके चिकटवता चिकटवता तिनं सगळी हकीकत काढून घेतली आणि एक दिवस म्हणाली, "मलाबी दाखव की एकदा." जानेवारीत, पहिली पाळी सुटल्यावर, दिवेलागणीनंतर पाचजणी मळ्यात आल्या. पूर्वेला शनी चांगला वर आला होता. भागीबाईनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"बाई गं, कडं घातलंय. खरं हाय का हे?"

"खरं आहे. शेजारी बारीक ठिपका दिसतो का? तो त्याचा चंद्र, टायटन. याच आठवड्यात माणसांनी पाठवलेलं यान त्यावर उतरलं."

"उतरलं? मग काय सापडलं तिथं?"

"दगडगोटे दिसलेत. बाकी अजून शोधतायत."

भागीबाईनं पुन्हा डोळा लावला. मागे रांगेतली बाई म्हणाली, "अगं, सरक की आता. आम्हाला बघायचंय."