लुथरन म्हणजे काय, मिस?

आम्ही बंगळूरच्या चामराजपेटेतले जुने मराठी. घरात मराठी, गल्लीत कन्नड. मी शिक्षिका झाले ती एका लुथरन चर्चच्या शाळेत. मूल्यशिक्षणाचा तास दुपारी शेवटचा असायचा. खिडकीबाहेर गुलाबी फुलांनी भरलेलं झाड, आत नववीचा पेंगुळलेला वर्ग.

एकदा मी विचारलं, "आपली शाळा लुथरन, म्हणजे काय?"

"मिस, पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत सुरू झालेला पंथ," पुढच्या बाकावरून पाठ केलेलं उत्तर आलं. मागून कुणी म्हणालं, "नाताळात केक देतात ते." सगळे हसले.

वर्गात एकच मुलगी लुथरन होती, एरवी गप्प असणारी. ती आपणहून उठली. "घरी आम्ही हा शब्द वापरतच नाही, मिस. आजी नुसतं 'कृपा' म्हणते."

"म्हणजे?" शेजारणीने विचारलं.

ती शेजारणीकडे वळली. "सकाळी मी आईशी भांडते, तरी डब्यात माझ्या आवडीचंच असतं. मी सॉरी म्हणायच्या आधीच भरलेलं. तसं काहीतरी."

"मग चांगलं वागायचं कशाला? डबा तर मिळणारच," एक मुलगा म्हणाला.

"तो डबा खाऊन बघ. संध्याकाळी आपोआप आईला मदत करावीशी वाटते." मग हळू आवाजात म्हणाली, "मला रोज पटतं असं नाही. पण आजीला पटतं."

कुणी हसलं नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी म्हणतात त्या स्तोत्रातही कृपा हा शब्द आहे. लहानपणापासून मी तो म्हणत आले होते, पण त्याचा अर्थ कुणाला विचारावासा कधी वाटला नव्हता.

"चर्च दाखवू?" तिने विचारलं. मी कन्नडमध्येच "सरी", म्हणजे 'बरं', म्हणाले. मैदान ओलांडून आम्ही त्या रिकाम्या, गार चर्चमध्ये बसलो. रंगीत काचांतला उजेड मुलांच्या गणवेशांवर सरकत होता. ती आजीचं तमिळ गाणं गुणगुणू लागली आणि ज्यांना तमिळ येत नव्हतं तेही हळूहळू सुरात सूर मिसळू लागले. घंटा झाली, तरी कुणी पटकन उठलं नाही.

त्यानंतर मी व्याख्या शेवटी सांगू लागले. नवा शब्द आला की आधी विचारते, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" पुढच्या आठवड्यात उपवासाचा विषय निघाला, तेव्हा रोजा धरलेली एक मुलगी बोलायला उभी राहिली, आणि वर्ग तिच्याकडे वळून बसला.