पाच नंबरची घंटा आणि हार्सोनोंचा शामा

वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर पाक, म्हणजे श्रीयुत, हार्सोनोंनी घरात दोन गोष्टी आणल्या, जुना लॅपटॉप आणि शामा पक्ष्याचं पिल्लू. इंडोनेशियात, योग्याकार्तातल्या आमच्या गल्लीत निवृत्त पुरुषानं पक्षी पाळणं म्हणजे चष्मा लागण्यासारखं. कुणी कारण विचारत नाही. त्यांच्या बायकोनं, बु (म्हणजे श्रीमती) निंगनं, विचारलं. गाण्याच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याच्या पिंजऱ्याखाली झेंडा रोवतात; आधीच्या एकाही पक्ष्यानं तिथं चोच उघडली नव्हती.

"पुढच्या स्पर्धेत यानं झेंडा मिळवला नाही तर पिंजरा बाहेर," ती म्हणाली. "आणि पुन्हा पक्षी नाही."

शाम्याला गाणं शिकवायचं तर पिंजऱ्यावर कापड टाकून त्याला दिवसभर एखाद्या विजेत्या पक्ष्याचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. बाकीचे टेप लावत. टेप ताणली जाते म्हणून हार्सोनो लॅपटॉपवर, लिनक्समध्ये, गाणं लावून ठेवत.

त्याच लॅपटॉपला त्यांनी नेटवर्क कार्डही बसवलं, लिनक्सवाल्या मित्रांच्या मेलसाठी. आता यंत्रात प्रत्येक भागाला नंबराची एक घंटा असते. "माझ्याकडे बघ" असं प्रोसेसरला सांगायचं तर ती वाजवायची. तिला इंटरप्ट म्हणतात. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड, दोघांच्या वाट्याला पाच नंबरच आला. मेल आली की गाणं अडखळे: क्रर्र-क्-क्-क्. पक्षी आज्ञाधारक. त्यानं तेही पाठ केलं.

गल्लीला ऐकू येत होतं, पण आमच्याकडे तोंडावर खोट काढणं म्हणजे फार मोठा गुन्हा. "आवाज वेगळा आहे हं," एकजण म्हणाला. "अभ्यासू दिसतो," दुसरा. हार्सोनो खूश.

मी त्यांची शेजारीण, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, मला एवढा धीर नाही. "पाक हार्सोनो, तुमचा पक्षी तोतरा झालाय."

त्यांनी चहा खाली ठेवला. "सगळे तर छान म्हणतात."

"सगळे तुमच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणालाही छान म्हणाले होते."

"छानच होतं ते," आतून बु निंग.

"भात कच्चा होता, निंग," मी म्हणाले.

हार्सोनोंनी यंत्राला घंटांचा हिशेब विचारला. पडद्यावर पाचासमोर दोन्ही नावं शेजारी शेजारी. एकाला हलवायला हवं होतं, पण मोकळी घंटा एकही नव्हती.

"सात कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"प्रिंटरकडे."

"प्रिंटर कुठाय?"

"नाहीये."

"मग काढून घ्या की."

"पण कधी आलाच तर? बरं दिसेल का ते?"

"तो आला की मी बोलेन त्याच्याशी."

शेवटी त्यांनी लॅपटॉप बंद करून सुरू केला, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचं दार, म्हणजे पोर्ट, बंद केलं आणि नेटवर्क कार्डाला पाचाला हात न लावता मोकळं झालेलं सात घेण्याचा हुकूम फाइलीत लिहून ठेवला. त्यावर मनातल्या मनात प्रिंटरची माफीही मागितली असणार. मेल येत राहिली, गाणं वाहत राहिलं. स्पर्धेपर्यंत पक्ष्यानं स्वच्छ गाणं ऐकलं, पण तोतरेपणा मात्र सोडला नाही.

मैदानावर पिंजरे ओळीत टांगलेले, दोरीबाहेर मालक आपापल्या पिंजऱ्याचा नंबर घसा फोडून ओरडतायत. हार्सोनो हळूच म्हणाले, "जमल्यास सतराकडेही बघावं." परीक्षकाला काय, शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. मी बोंबलले, "सतरा!" परीक्षक वळला.

शामा सुंदर गायला. मग क्रर्र-क्-क्-क्. हार्सोनोंनी डोळे मिटले. परीक्षकानं दुसऱ्याला बोलावलं. दोघं थांबले. पक्ष्यानं पुन्हा तेच केलं, जास्त जोरात. मग त्यांनी सतराखाली तिसऱ्या नंबरचा झेंडा रोवला.

"परीक्षक भाळले तो मशीनगनसारखा मारा कुणाकडून शिकवून घेतलात?" एका मालकानं विचारलं.

"नेटवर्क कार्डाकडून," हार्सोनो खरं ते बोलले. सांगायचं नसेल, असं समजून तो नमस्कार करून निघून गेला.

झेंडा बघायला आलेल्या बु निंगनं सायकलरिक्षा थांबवली, आत बसली आणि पिंजरा स्वतःच्या शेजारी सीटवर ठेवला.

"अगं, मी?" हार्सोनोंनी विचारलं.

"तुम्ही चालत या. त्याला चेंगरायचंय का?"